खडूची रेघ

परवा आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मोठ्या पडद्यावर नव्या युद्धनौकेचा सोहळा दाखवला. नौका त्या दिवशी नौदलात दाखल होत होती. बँड वाजला, झेंडा वर गेला, निवेदकाला चेव आला. "खिळ्यापासून तोफेपर्यंत सगळं आपलं!" असं तो ओरडला आणि आमची यच्चयावत मंडळी उभी राहून टाळ्या पिटायला लागली. मी एकटी बसून राहिले. तर सेक्रेटरी माझ्याकडे वाकून म्हणतात, "मॅडम, ताली तो बजाओ. देश की बात है."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. हातातली जिलेबीची प्लेट टेबलावर आपटली आणि तडक घरी निघून आले. मागे लोक म्हणाले असतील, बाई चक्रम आहे. म्हणू देत. चक्रम माणूस कसा असतो हे ह्या लोकांना कुठे ठाऊक आहे? मला ठाऊक आहे, कारण एका अस्सल चक्रमाच्या हाताखाली मी कित्येक वर्षं नोकरी केली. आणि तीही ह्याच क्लबहाऊसच्या समोर. आता जिथे टॉवरचं सेल्स ऑफिस आहे ना, काचेचं, दारात जहाजाचा शोभेचा नांगर ठेवलेलं, अगदी तिथे.

तेव्हा तिथे गाळे होते. आमच्या ह्या हाटकेश भागात पूर्वी गाळेच जास्त, बिल्डिंगी नंतर आल्या. कुठे चमचे बनायचे, कुठे प्लास्टिकच्या बादल्या, आणि कोपऱ्यातल्या गाळ्यात रबर. त्या रबराच्या कारखान्याचे मालक म्हणजे आमचे काका. सोसायटीतले लोक त्यांना 'रबरवाले अंकल' म्हणायचे. त्यांचं खरं नाव विचारायची गरज कोणाला वाटली नाही, आणि त्यांनाही सांगायची हौस नव्हती.

माणूस काटकुळा, कानावर केसांचे झुपके, बारा महिने अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. सगळ्यांच्या खिशाला पेन असतं, ह्यांच्या खिशात खडू. साधा, शाळेतला, पांढरा खडू. खिशाचा तळ कायम पिठूळ झालेला. काकू बिचाऱ्या धुऊन धुऊन थकल्या.

माझी आणि त्यांची पहिली भेट भांडणातून झाली. आम्ही नवीनच राहायला आलो होतो आणि दुपारी खिडकी उघडली की उग्र वास यायचा. मी पदर खोचून गाळ्यावर गेले. म्हटलं, "तुमच्या कारखान्याचा वास आमच्या घरात येतो." काका रबर दाबायच्या प्रेसवर वाकलेले होते. मागे न बघताच म्हणाले, "कसला वास?"

"घाण वास!"

"घाण हे काय नाव झालं? शिकलीस काय तू?"

"बी.एस्सी. केमिस्ट्री."

"मग नाव सांग वासाचं."

मी रागारागात म्हटलं, "गंधक. रबर शिजवताना घालता ते."

तेव्हा कुठे त्यांनी वळून पाहिलं. वरपासून खालपर्यंत. "येवढी हुशार आहेस तर घरात बसून वास काय घेतेस? उद्यापासून इथे ये. पगार मिळेल, वास फुकट." गेले होते भांडायला आणि आले नोकरी घेऊन. पण एक सांगते, पुढच्या महिन्यात त्यांनी गाळ्याच्या छपरावरून उंच धुराडं काढलं. वास निम्म्याहून कमी झाला. सगळा गेला नाही, खोटं कशाला बोलू? रबर शिजलं की वास येणारच. स्वयंपाकघरात फोडणी घातली तर ठसका लागतोच ना?

आता त्या खडूचं सांगते. जहाजावर पाणी अडवणारी लोखंडी दारं असतात. एका खोलीत पाणी शिरलं तर ते दार बंद करून पुढच्या खोल्या वाचवायच्या. त्या दाराच्या कडेला आतून रबराची पट्टी असते. दार नीट बसतं की नाही हे बघायची रीत अगदी सोपी. चौकटीच्या धारेला खडू घासायचा, दार घट्ट लावायचं, मग उघडून रबरावर बघायचं. पांढरी रेघ चारही बाजूंनी सलग उमटली तर दार पास. मध्ये कुठे तुटली, तर तिथे फट आहे, तिथून पाणी येणार. ना कुठलं मशीन, ना कॉम्प्युटर. जगभर असंच बघतात म्हणे.

झालं! ही एक रीत काकांच्या डोक्यात अशी बसली की त्यांना सगळं जग म्हणजे दारच दिसायला लागलं. आमच्याकडे सत्यनारायणाला आले. प्रसाद घेतला, नमस्कार केला आणि उठून थेट फ्रीजपाशी गेले. खिशातून खडू काढला, कडेला घासला, दार लावलं, उघडलं. माझ्या सासूबाई हातातला शिरा विसरून बघतायत. काका म्हणाले, "वहिनी, खालच्या कोपऱ्यात रेघ तुटलेय. तुमचं दूध नासतं का?" सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, हो की!" त्या दिवसापासून सासूबाईंच्या लेखी काका म्हणजे देवमाणूस. पण हा देवमाणूस लोकांच्या डब्यांची झाकणं, कुकरच्या रिंगा, गाडीचे दरवाजे, काही म्हणजे काही सोडत नसे. भाचीसाठी स्थळ बघायला गेले तर मुलाकडच्यांच्या बाथरूमच्या दाराला खडू लावून आले. ते स्थळ मोडलं. "मोडणारच," काका म्हणाले, "पाच माणसं घरात, कोणाला दार गळतंय ते ठाऊक नाही. अशा घरात पोरगी द्यायची?"

मूळचे ते राईचे. खाडीकाठचं गाव, घरची मिठागरं होती. ते म्हणायचे, "आमच्या बापजाद्यांनी खाडीचं पाणी आत घेऊन पोट भरलं. मी पाणी बाहेर ठेवून भरतोय." हे सांगताना फार खूश असायचे. एरवी मात्र तोंड असं की विचारू नका. संतापले की शहरी मराठी गळून पडायची आणि राईची बोली बाहेर यायची. "डोला हाय का न्हाय तुला?" म्हणून प्रेसवरच्या माणसावर गरजायचे. चहा थंड आला तर कपासकट मोरीत. कौतुक हा शब्द त्यांना कोणी शिकवलाच नव्हता. माझ्या कामाला त्यांनी एकदाच चांगलं म्हटलं, तेसुद्धा "आज काय बोंब मारली नाहीस," एवढंच.

जहाजाच्या दाराची ती पट्टी काकांना आपल्या गाळ्यात बनवायची होती, आणि तिची परीक्षा घ्यायला त्यांना समुद्राचं पाणी लागायचं. पिंपात समुद्राचं पाणी भरायचं, पट्ट्या त्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवायच्या, मग काढून बघायच्या, फुगल्या का, कडक झाल्या का. मी म्हटलं, नळाच्या पाण्यात मीठ घालू या की. तर असे भडकले! "समुद्र म्हणजे काय आमटी आहे, मीठ टाकलं की झाली?" हाटकेशहून समुद्र कुठे जवळ? आणि खाडीचं पाणी चालेना, त्यात सगळ्या शहराची घाण. मग ते काम फिलूबाईकडे आलं. फिलूबाई समुद्रकाठच्या उत्तनची, कोळणीची लेक, आमच्या प्रेसवरची सगळ्यात जुनी बाई. तिचा हात पट्टीवरून फिरला की बुडबुडा कुठे राहिलाय ते तिला कळायचं, आणि तोंडाने काकांना पुरून उरायची ती एकटीच. ती येताना बसमधून दोन कॅन भरून आणायची. एकदा कंडक्टरने अडवलं, "बाई, कॅनमध्ये काय आहे? रॉकेल?" फिलूबाई म्हणाली, "दर्या हाय." कंडक्टर म्हणाला, "काय?" ती म्हणाली, "दर्या रे, दर्या! आमच्या काकाला पायजे, त्याला तिकीट लागतं का?" अख्खी बस हसली. कंडक्टरने सामानाचं तिकीट फाडलंच.

आणि खंडेनवमी! सगळ्या गाळ्यांत मशीनला हार, झेंडू, कुंकू, पेढे. आमच्याकडे पूजा नापास मालाची. वर्षभरात जेवढ्या पट्ट्या परीक्षेत फसल्या, त्या फेकायच्या नाहीत, कोपऱ्यात रचायच्या. नवमीला त्या ढिगाला हार. भटजी पहिल्या वर्षी बिथरले. "अहो, हे टाकाऊ आहे, ह्याची कसली पूजा?" काका म्हणाले, "गुरुजी, ह्यांनी मला सांगितलं कुठे चुकतंय ते. मशीनने काय सांगितलं?" भटजींनी निमूट अक्षता टाकल्या. दरवर्षी ढीग मोठा व्हायचा आणि काका हात जोडून उभे राहायचे. गंमत वाटायची तेव्हा. आता नाही वाटत.

कारण त्या ढिगातूनच आमच्या पट्टीची मंजुरी निघाली. जहाजावरच्या त्या दारांची पट्टी तोवर बाहेरच्या देशातून यायची. नौदलाला आता सगळं आपलं हवं होतं, म्हणून जहाजं बांधणाऱ्यांनी छोट्या छोट्या कारखान्यांना विचारलं, जमेल का? भल्याभल्यांनी नाद सोडला. काकांनी नाही. नमुना पाठवायचा, नापास व्हायचा, ढिगावर जायचा. पुन्हा कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, बदलायचं, पुन्हा साचा, पुन्हा फिलूबाईचा दर्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "काका, पुरे आता. बादलीवाल्यांसारखं काहीतरी सोपं करू या. चार लोकांत देशाचं नाव घेतलं म्हणजे झालं, कोण विचारतंय पट्टीला?"

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "पोरी, पाण्याला देशभक्ती कळत नाही. फट दिसली की आत येतं." मग चष्मा पुसत, "आणि दारामागे पोरं असतात."

तेवढंच बोलले आणि प्रेसकडे गेले. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आणि एक दिवस नमुना पास झाला. उन्हाच्या परीक्षेत पास, तेलाच्या परीक्षेत पास, समुद्राच्या परीक्षेत पास. काकांनी पेढे आणले असतील असं वाटतं का तुम्हाला? छे. त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक नवा खडू दिला. फिलूबाई म्हणाली, "काका, ह्यो खाऊ का?" काका हसले. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

पण मंजुरीला एक अट होती, आणि ती नीट समजून घ्या, कारण सगळं रामायण तिथेच आहे. मंजुरी नुसत्या पट्टीला नव्हती. ह्या जागेत, ह्या प्रेसवर, ह्या पद्धतीने बनवलेल्या पट्टीला होती. जागा बदलली की मंजुरी गेली. पुन्हा पहिल्यापासून नमुने, पुन्हा वर्षानुवर्षं परीक्षा. नियम जाचक वाटतो, पण काका स्वतःच म्हणायचे की नियम बरोबर आहे. जागा बदलली की हवा बदलते, वीज बदलते, हात बदलतात. पाण्याने त्यातली फट शोधली तर?

म्हणजे आमचं सगळं त्या कोपऱ्यातल्या भाड्याच्या गाळ्यावर उभं होतं. आणि त्याच वेळी आमच्या सोसायटीने ठरवलं की तो गाळा इथून हलला पाहिजे.

काय सांगू तुम्हाला त्या मीटिंगचं! सोसायटीचं नाव 'सागर' काहीतरी आहे, सागर दिसतो तो फक्त लिफ्टमधल्या पोस्टरवर. तिथे सेक्रेटरींनी अर्ज वाचला. वास येतो, आवाज येतो, मुलांना त्रास होतो, फ्लॅटचा भाव पडतो. खरं कारण शेवटचं, बाकीची तोंडी लावायला. मी उभी राहिले. म्हटलं, धुराडं लावलंय, प्रेस रात्री बंद असतो, अजून काही करायचं तर सांगा, काका करतील. पण गाळा हलवू नका. सगळी गोष्ट सांगितली. दार, पट्टी, मंजुरी, जागेची अट. म्हटलं, "तुम्ही सगळे मोबाईलवर युद्धनौकांचे फोटो लावता ना? त्या नौकेच्या दाराची पट्टी तुमच्या खिडकीखाली बनणार आहे. अभिमान वाटायला हवा!"

सेक्रेटरी अगदी गोड हसले. "मॅडम, नेव्ही सबको चाहिए. हमको भी चाहिए. लेकिन बदबू किसको चाहिए?"

एक जण म्हणाला, "बनवा ना पट्टी, कोण नाही म्हणतंय? दुसरीकडे बनवा." मागून दुसरी बाई म्हणाली, "आम्ही टॅक्स भरतो." अरे वा! टॅक्स भरला म्हणजे देशाचं देणं फिटलं? ह्यांना प्रगती हवी, पण ती शेजारच्याच्या दारात. पूल हवा, खांब नको. वीज हवी, डीपीचा डबा दुसऱ्याच्या गेटपाशी. जहाज हवं, पण त्याचं रबर कुठेतरी लांब, जिथे गरिबांची पोरं वास घेतील तिथे शिजू दे. आणि वर कोणी बाहेरून मागवलं की हेच ओरडणार, आपल्याकडे साधी पट्टी बनत नाही हो!

अर्जावर सह्या झाल्या. गाळ्यांच्या जागेचा मालक आधीच बिल्डरशी बोलत होता, त्याला हवं ते आयतं निमित्त मिळालं.

हे सगळं चालू असताना गणपती आले. आणि आमच्या सोसायटीने देखावा कसला करावा? युद्धनौकेचा! आता ह्याला हसावं की रडावं? प्लायवूडची लांबलचक नौका, तोफा, दिवे, वरती डोलकाठी आणि मधोमध बाप्पा. सेक्रेटरी दोन कार्यकर्ते घेऊन गाळ्यावर आले. ज्या हाताने अर्जावर सही केली तोच हात पुढे करून म्हणाले, "अंकल, आप तो जहाज का काम करते हो. कुछ टिप्स दो ना."

मला वाटलं, आता काका ह्यांना राईच्या बोलीत सात पिढ्यांचं ऐकवणार. मी कान टवकारून बसले. काकांनी विचारलं, "दार आहे का तुमच्या नौकेला?"

"पेंट कर देंगे, अंकल."

"रंगवलेलं दार?" काकांच्या कपाळावर आठी आली. "रंगवलेल्या दाराने काय अडणार? मी देतो दार."

आणि दिलं! अहो, चार दिवस आमचा गाळा त्या प्लायवूडच्या खोट्या जहाजासाठी खपत होता. पत्र्याचं माणूसभर उंच दार, खऱ्यासारखी कड, घट्ट करायला खटके, आणि आतून पास झालेल्या कंपाउंडची खरीखुरी पट्टी. फिलूबाई म्हणाली, "काका, ती लोकं आपल्याला हाकलतान, न तुमी त्यांना दार देतंव?" काका म्हणाले, "पोरं येतील ना बघायला. मोठ्यांचं सोड."

पोरं आली. देवाशपथ सांगते, दहा दिवस त्या देखाव्यापुढे जी रांग लागली ती बाप्पासाठी किती आणि दारासाठी किती हे बाप्पालाच माहीत. काका संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे, हातात खडूंचं खोकं. एकेका पोराला खडू द्यायचे. पोरगं कडेला खडू घासायचं, खटका आवळायचं, दार उघडायचं. रेघ सलग उमटली की काका विचारायचे, "कशी आहे?" आणि सगळी पोरं ओरडायची, "अखंड!" गुजराती, मारवाडी, यूपीची, मुसलमानांची, सगळ्या घरची पोरं, आणि सगळी मराठीतून, "अखंड!" एरवी कोणाला चांगलं न म्हणणारा तो माणूस. मी त्यांना म्हटलंही, काका, तुम्ही मास्तर व्हायला हवं होतंत. म्हणाले, "गप बस." पण कान लाल झाले होते.

शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ होता. देखाव्याला वॉर्डात पहिला नंबर मिळाला होता. काकांना स्टेजवर बोलावून शाल, श्रीफळ दिलं. "हमारे देशभक्त उद्योजक!" टाळ्या. काका अवघडून खुर्चीत बसले, शाल अंगावर तशीच. मग सेक्रेटरींनी माइक हातात घेतला आणि वर्षभराच्या कामांचा आढावा द्यायला लागले.

"इस साल सोसायटी ने दो बड़े काम किए. एक, हमारे जहाज को फर्स्ट प्राइज. और दूसरा, सबके लिए खुशखबर, सामने का रबर का गाला अगले महीने खाली हो रहा है!"

टाळ्या! पहिल्यापेक्षा मोठ्या!

माणूस स्टेजवर बसलाय हो. तुमची शाल त्याच्या खांद्यावर आहे. त्याने बनवलेलं दार तुमच्या पाठीमागे उभं आहे. आणि कोणाच्या, एकाच्याही लक्षात आलं नाही की आपण काय बोललो. मुद्दाम केलं असतं तर एक वेळ माफ केलं असतं, निदान शत्रुत्व तरी आहे म्हटलं असतं. त्यांना खरोखरच दोन्ही गोष्टींचा आनंद झाला होता! मी जागेवरून ओरडले, "लाज नाही वाटत? ज्याचा सत्कार करता त्याच्याच पोटावर पाय देऊन टाळ्या?" नवऱ्याने हात धरून खाली ओढलं. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, आज के दिन झगड़ा नहीं."

काका उठले. मला वाटलं आता फुटणार. त्यांनी शाल काढली, नीट घडी घातली, खुर्चीवर ठेवली. नारळ त्यावर ठेवला. दारापाशी गेले, खिशातून खडू काढला आणि कडेला घासला. खटके आवळले. उघडलं. पुढे बसलेल्या पोरांना म्हणाले, "बघा. अशी यायला पाहिजे. लक्षात ठेवा, इथे पुन्हा दाखवायला कोण येणार नाही." पोरं ह्या वेळी ओरडली नाहीत. त्यांना काहीतरी कळलं होतं, मोठ्यांना नाही कळलं.

पुढच्या महिन्यात गाळा खाली झाला. प्रेस भंगारात गेला. नापास पट्ट्यांचा ढीग टेम्पोत भरताना हमालाने विचारलं, "ये कचरा कहाँ डालना है?" काका म्हणाले, "हा माझ्याबरोबर येईल." पुतण्याकडे, वाडा गावी गेले ते. नव्या जागेत पुन्हा नमुने करायचं वय राहिलं नव्हतं. आमच्या पट्टीचा एक तुकडासुद्धा कुठल्या जहाजावर चढला नाही. जिथून ऑर्डर येणार होती तिथल्या माणसाने मला फोन करून सांगितलं, "मॅडम, नाइलाज झाला. पुन्हा बाहेरूनच मागवलं."

आणि ते देखाव्याचं दार? विसर्जनानंतर प्लायवूड मोडून टाकलं. पत्र्याचं दार भंगारवाल्याला. पण पट्टी कोणाच्या तरी नजरेत भरली. क्लबहाऊसच्या काचेच्या दारातून एसीची हवा बाहेर जात होती, ती पट्टी काढून त्या चौकटीला चिकटवून टाकली. आजही आहे. दार लावलं की कसं गच्च बसतं म्हणून सेक्रेटरी पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात.

म्हणून परवा त्या टाळ्या वाजल्या तेव्हा माझं डोकं फिरलं. त्याच एसीच्या गारव्यात, त्याच पट्टीच्या आत बसून हे लोक ओरडत होते, खिळ्यापासून तोफेपर्यंत सगळं आपलं.

घरी आले ती धुमसतच. फोन उचलला आणि काकांना लावला. कानाने आता कमी ऐकू येतं त्यांना. मी ओरडून विचारलं, "काका, बघितलंत का टीव्हीवर?"

"बघितलं. दार कुठे दाखवलं का?"

"नाही."

"नाहीच दाखवणार. दारात काय बघायचंय?"

माझा बांध फुटला. म्हटलं, "काका, ह्यांच्या तोंडी सगळं आपलं आणि दाराला पट्टी बाहेरची! आपली असती तिथे. तुम्हाला संताप येत नाही?"

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"चांगली असते गं त्यांची पट्टी," काका म्हणाले. "मी तपासलेली आहे. गळणार नाही. दारामागे पोरं आहेत ना, ती सुखरूप राहतील."

मग त्यांनीच विचारलं, "क्लबहाऊसच्या दाराची आपली पट्टी आहे का अजून?"

"आहे."

"रेघ येते का बघ बरं. मला सांग."

मी खाली गेले. सोहळा संपून मंडळी पांगली होती. पडदा काळा, खुर्च्या वेड्यावाकड्या, जमिनीवर जिलेबीचा पाक. फिलूबाई वाकून फरशी पुसत होती. गाळा गेल्यापासून ती इथेच साफसफाईला आहे. मला बघून म्हणाली, "काय गो ताय, काय हरवलं?"

मी खिशातून खडू काढला. मंजुरीच्या दिवशी मिळालेला, अजून जपलेला. काचेच्या दाराच्या कडेला चारही बाजूंनी घासला, दार लावलं, दाबलं आणि उघडलं. फिलूबाई फडकं तसंच हातात धरून जवळ आली. तिने वाकून चौकटीवरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, रबराला न लागता, नुसतं वरून.

"अखंड हाय," ती म्हणाली.

मग सवयीने फडकं पुढे केलं. "पुसू?"

"हात नको लावूस," मी म्हटलं, आणि काकांना फोन लावला.